जावयाचं स्विस घड्याळ

"टिसॉट घ्यावं, का लाँजिन, का राडो... तुमी एक नाव सांगा भंतेजी, मी डोळे मिटून घेतो."

भंते उपसेन काही बोलले नाहीत.

पुंडलिक नगराळेंना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू गेलं नसेल. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं आणि जरा सावकाश.

भंतेंना पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं.

विहार गावाबाहेर, कोळसा खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांपलीकडे एका टेकाडावर होता. टिनाचं छप्पर, एक खोली, पुढे ओटा. भंते तिथे एकटेच राहत. गावातली घरं पाळीपाळीनं त्यांना जेवण आणून देत. आज पाळी नगराळेंची होती.

नियम साधे होते. भिक्खूनं दिवसातून एकदा जेवायचं, तेही बाराच्या आत. बारा वाजून गेले की दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी. जेवण कोणी हातात दिल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि समोर ठेवलेलं असलं तरी मागायचं नाही.

हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नगराळेंना तर पाठच होतं.

ते अकराला येऊन बसले होते. आता साडेअकरा होत आले होते. भंतेंचं भिक्षापात्र पुढ्यात रिकामं होतं. डबा नगराळेंच्या उजव्या बाजूला होता आणि त्यांच्या डाव्या बाजूला घड्याळांची तीन रंगीत माहितीपत्रकं पसरलेली होती.

मागे खांबाला टेकून त्यांची मुलगी उत्पला बसली होती. पहाटे उठून सगळा स्वयंपाक तिनंच केला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आधी दान द्या."

"देतो ना. थांब."

नगराळेंविषयी थोडं सांगितलं पाहिजे. एकतीस वर्षं ते खाणीच्या गेटवर हजेरी बाबू होते. भोंगा वाजला की ते मनगटावरच्या एचएमटीकडे बघत, आणि पाच मिनिटांच्या वर कोणी उशिरा आला की त्याची अर्धी हजेरी कापत. रागानं नाही, अगदी शांतपणे. नगराळेबाबूच्या घड्याळावर खाण चालते, असं लोक म्हणत. ते कौतुकानं म्हणतात असा नगराळेंचा समज होता, आणि तो निवृत्त होईपर्यंत कोणी मोडला नाही.

त्या उशिरा येणाऱ्यांत गोमाजी नावाचा एक लोडर होता. पुढे त्याची बायको गेली आणि त्यानं चीवर घेतलं. तेच हे भंते उपसेन.

नगराळे आता त्यांच्यासमोर गुडघे टेकत. पण कपाळ जमिनीला लागायच्या बेताला आलं की उठत.

"कोणासाठी घेता?" भंतेंनी विचारलं.

"जावयासाठी जी! पंधरा दिवसांवर लग्न आलं. तुमालेच तर यायचं हाय मंगलपरिणय लावाले."

"जावयानं मागितलं?"

"छे छे! मागितलं नाई." नगराळे दुखावले. "आपले व्याही बन्सोड साहेब तसे नाईत. पसंतीच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, हुंडा-बिंडा आमाले नको, आपण बाबासाहेबांची माणसं. मग जोडे घालता घालता एवढंच म्हणाले, की आमच्या तुषारच्या मनात एक स्विस घड्याळ हाय. स्टेजवर हातात बरं दिसते."

"जोडे घालता घालता."

"हाव जी."



त्या दिवशी पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली, आणि उत्पलानं चहाचे कप उचलता उचलता बापाला सांगून टाकलं होतं, "बाबा, घड्याळ सांगणाऱ्याच्या घरी मले नाई जायचं." नगराळे हसले होते. लग्नाआधी पोरी असं म्हणतातच, असं त्यांनी शेजारच्या काकूंना सांगितलं. काकूही हसल्या. सरकारी दवाखान्यात नर्स असलेली, दिवसाला पन्नास जणांना सुया टोचणारी पोरगी घरात मात्र हसण्यावारी गेली.

ती दुसऱ्यांदा बोलली तेव्हा पत्रिका छापायला जायच्या होत्या. नगराळे तेव्हा मोबाइलवर घड्याळांचा व्हिडिओ बघत होते.

आज ती एकच आशा धरून आली होती. आपलं ऐकलं नाही, भंतेजींचं तरी बाबा ऐकतील. तिनं भंतेंना काही सांगितलं नव्हतं. सांगावं कसं, हेच तिला कळत नव्हतं.

"आता तुमाले समजावून सांगतो," नगराळे म्हणाले. त्यांनी सावरून मांडी घातली. "माह्यापाशी हाय एक लाख. त्याच्या वर एक रुपया नाई. बरोबर?"

भंतेंनी मान हलवली.

"आता बजारात काय हाय..."

नगराळेंनी डबा पुढे ओढला.

उत्पलाला क्षणभर वाटलं, दान देतात. ती गुडघ्यांवर उठली, सोबत आणलेलं ताट पुसलं, वाढायला घेतलं. पोळ्या, भात, वरणाची वाटी, आलू-वांग्याच्या भाजीची वाटी, शेवयांच्या खिरीची वाटी. ताट उचलून ती भंतेंकडे वळली.

"अवं थांब!" नगराळेंनी ताट तिच्या हातातून काढून घेतलं. "घरच्या कर्त्यानं द्यायचं असते."

आणि त्यांनी ते आपल्याच मांडीवर ठेवलं.

"हां. तर हे वरण समजा टिसॉट," त्यांनी वाटीवर बोट ठेवलं. "पैशाच्या मानानं माल भरपूर. लाखाच्या आत आरामात बसते, वर हॉलच्या फुलांचा खर्च निंगते. पण वरण कसं, सगळ्यांच्याच घरी असते. बन्सोड साहेबांच्या साडूच्या पोराकडे टिसॉटच हाय म्हणे."

भंतेंनी वरणाकडे बघितलं.

"ही भाजी लाँजिन. जुनं घराणं. पंखवालं चिन्ह असते त्याच्यावर. लाखात बसवाचं म्हणजे त्यातलं लहानातलं लहान घ्या लागते, तेही सेलवर चालणारं. मंग लोक म्हणतील, लाँजिन घेतलं पण हात आखडला."

"अन् खीर?" भंते म्हणाले.

"खीर राडो!" नगराळेंचे डोळे चमकले. "राडो म्हणलं की चार माणसं वळून पाह्यतात जी. आपल्या लहानपणापासून नाव ऐकलं हाय. त्याच्यातल्या एका मालावर रेघसुदिक पडत नाई म्हणतात. पण किंमत... ओढून ताणून. दुकानदारानं काही सोडलं तर."

गेल्या तीन महिन्यांत नगराळेंनी घड्याळांचा जेवढा अभ्यास केला होता, तेवढा दुसऱ्या कोणी परीक्षेसाठी केला असता तर कलेक्टर झाला असता. तीनदा ते नागपूरच्या शोरूमला जाऊन आले होते. तिथल्या विक्रेत्याला विचारलं, बँकेतल्या मित्राला विचारलं, पुण्याच्या भाच्याला विचारलं. एसटीत शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसाचं मनगट बघून त्यालाही विचारलं.

"सेलवर न चालणारं कशावर चालते?" भंतेंनी विचारलं.

"हाताच्या हालचालीवर जी! त्याले ऑटोमॅटिक म्हणतात. माणूस हालत राह्यला की आपोआप चावी बसते."

"अन् काढून ठेवलं तर?"

"दोन-तीन दिवसांत बंद पडते."

"म्हणजे माणसानं थांबू नाई."

"तेच तर! आपला तुषार काई थांबणारा नाई. पुण्याले मोठ्या पगारावर हाय." नगराळे मनापासून हसले.

भंतेही थोडे हसले. दाराची सावली ओट्यावर आखडत चालली होती. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग उत्पलाकडे पाहिलं.

ती सावलीकडेच बघत होती.

"पोरीले विचारलं?" भंते म्हणाले.

"काय?"

"जे मले विचारता ते."

"तिले घड्याळातलं काय समजते भंतेजी!" नगराळेंनी हात झटकला. "तिच्या हातात पाहा ना, दोनशे रुपयांचं हाय. नाडी मोजाले पुरते म्हणते."

"पुरते का गं?"

"पुरते जी," उत्पला म्हणाली. "माणूस जिवंत हाय का नाई, एवढं कळते त्याच्यात."

"ऐकलं?" नगराळे म्हणाले. "असं बोलते. बन्सोड साहेबांसमोर असं बोलू नको म्हणून मी तिले दहादा सांगितलं."

ताट अजून त्यांच्या मांडीवरच होतं. भातातली वाफ केव्हाच गेली होती.

"बाबा, दान..."

"अवं, देतो म्हणलं ना! मोठी माणसं बोलून राह्यली, दिसत नाई का?"

उत्पला खांबाला टेकली. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. दान दिल्याशिवाय घरच्यांनी खायचं नाही, अशी तिच्या आईची रीत होती. आई तिच्या आठव्या वर्षी गेली. रीत तेवढी राहिली.

नगराळेंनी माहितीपत्रकं एकावर एक रचली. मग पुन्हा पसरली. राडोचा पट्टा, लाँजिनची तबकडी, टिसॉटची हमी. स्टेजवर दिवे कुठून येतील आणि कोणती तबकडी किती चमकेल. घड्याळ हातात बांधताना फोटो कोणत्या बाजूनं निघेल. बन्सोड साहेबांचे पाहुणे डबी उघडून बघतील का बघणार नाहीत. बोलता बोलता त्यांना आठवलं की डबीसुद्धा तिघांची वेगवेगळी असते. मग डब्यांचं झालं.

भंते ऐकत होते. त्यांचे हात मांडीवर होते, तळवे वर. एकदाही त्यांनी ताटाकडे हात नेला नाही. कसा नेतील? दिल्याशिवाय घ्यायचं नव्हतं, आणि मागायचं तर नव्हतंच.

"...तर मले वाटते, डबी पाह्यली तर लाँजिन, नाव पाह्यलं तर राडो, अन् खिसा पाह्यला तर..."

"बाबा," उत्पला म्हणाली. "बारा वाजून गेले."

नगराळेंचा हात हवेत राहिला.

त्यांनी मनगट फिरवलं. एचएमटीनं आयुष्यात कधी त्यांना फसवलं नव्हतं. बारा वाजून सात मिनिटं.



"सातच मिनिटं झाले भंतेजी..." नगराळे म्हणाले. "सात मिनिटांनं काय होते?"

"गेटवर काय होत होतं?" भंते म्हणाले.

...

नगराळेंना एक सकाळ आठवली. आठवायची नव्हती, तरी आठवली. गोमाजी सहा मिनिटं उशिरा धावत आला होता. बायकोला दवाखान्यात पोचवून आला होता. तो सांगत होता, हात जोडत होता. नगराळेंनी त्याच्या नाकासमोर आपलं मनगट धरलं होतं. बोलले मात्र काहीच नव्हते.

"घ्या जी." त्यांनी दोन्ही हातांनी ताट उचललं. घाईत वरण भातावर सांडलं. "इथं कोण पाह्यते? तुमी, मी अन् ही घरचीच पोरगी. घ्या. मी पाया पडतो."

भंते उठले. रिकामं पात्र घेऊन रांजणापाशी गेले. पात्रात काहीच पडलं नव्हतं, तरी त्यांनी ते पाणी घेऊन धुतलं. फडक्यानं पुसलं आणि ओट्याच्या कडेला पालथं ठेवलं.

मग येऊन पुन्हा जागेवर बसले.

नगराळेंना रडू आलं. लाजेचं होतं, आणि खरं होतं. एकतीस वर्षांत ज्या माणसाचा कुठलाच काटा चुकला नाही, त्याच्या हातून एका म्हाताऱ्याचा दिवसाचा घास चुकला होता. तोही घड्याळांवर बोलता बोलता.

"माह्या हातून पाप झालं."

"मी उद्या जेवीन," भंते म्हणाले. "माहं राहू द्या."

"मंग?"

"तुमची पोरगी तुमाले केव्हाची काही सांगून राह्यली."

"काय सांगून राह्यली?"

नगराळेंनी मागे वळून बघितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मुलीकडे नीट बघितलं असेल. ती वाळली होती. हे त्यांच्या आता लक्षात आलं.

"बाबा," उत्पला म्हणाली. "मी पसंतीच्या दिवशी नाई म्हणलं होतं. पत्रिका छापायच्या आधी नाई म्हणलं होतं. आता तिसऱ्यांदा म्हणते."

"पण काऊन? पोरगा चांगला हाय. पगार हाय. हुंडा नाई..."

"भंतेजींले भूक होती तरी त्यांनी मागितलं नाई. त्या लोकांचं पोट भरलेलं हाय तरी मागतात. अन् तुमी त्यांच्या मागण्याले मागणंच म्हणत नाई." तिचे डोळे भरून आले. "आज घड्याळ हाय. उद्या काय असन? तुमी त्याचाही अभ्यास करान."



नगराळे हा माणूस वाईट नव्हता. बायको गेल्यावर यानं दुसरं लग्न केलं नाही. रोज सकाळी गेटवर जायच्या आधी पोरीला समोर बसवून यानं तिच्या दोन वेण्या घातल्या, भांग वाकडा पडला तर सोडून पुन्हा घातल्या. ती नर्स झाली त्या दिवशी अख्ख्या कॉलनीला यानं पेढे वाटले. उत्पलाला हे सगळं आठवत होतं, आणि तिची पंचाईत नेमकी तिथेच होती. वाईट बापाला नाही म्हणणं सोपं असतं.

"हॉल झाला पोरी," ते म्हणाले. "साडेचारशे पत्रिका वाटून झाल्या. तुह्या आईच्या माहेरचे आंध्रातून येऊन राह्यले. बन्सोड साहेबांले मी काय तोंड दाखवू? लोक काय म्हणतील... पुंडलिक नगराळेच्या पोरीचं लग्न मोडलं, काहीतरी असन पोरीतच." त्यांचा खालचा ओठ हलायला लागला. "आता उशीर झाला, बाई."

उत्पलानं बापाच्या ओठाकडे बघितलं.

आई गेली त्या दिवशी तो असाच हलला होता. त्यानंतर आजच.

तिनं काहीतरी म्हणायला श्वास घेतला होता. तो तिनं तसाच सोडला.

भंते तिच्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. ती काय म्हणते याची ते वाट बघत होते, पण तिच्या वतीनं त्यांनी एक शब्द उच्चारला नाही.

"जाऊ द्या बाबा," ती शेवटी म्हणाली. "पुसा डोळे. घ्या घड्याळ."

"नक्की ना?"

"हाव."

"मनापासून म्हणते ना?"

उत्पलानं ताट आपल्याकडे ओढलं. भात डब्यात भरला, पोळ्या घडी करून ठेवल्या. तिला पाठ करून बसायचं होतं म्हणून ती पाठ करून बसली.

नगराळेंचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, नाक पुसलं. सुटल्यासारखं हसलेही.

"पाह्यलं भंतेजी? पोरगी समजदार हाय माही. बोलते, पण समजदार हाय. तिच्या आईवर गेली." ते पुढे झुकले. "अन् उद्याचं जेवण आमच्याच घरून येईन. साडेदहाले. मी सोता हातात देईन."



नगराळेंनी माहितीपत्रकं गोळा केली. त्यावर वरणाचे थेंब उडाले होते, ते त्यांनी बोटानं पुसले. उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवला आणि तसेच थांबले. मनातली गोष्ट मनात राहू देणारा हा माणूस नव्हता.

"मंग... भंतेजी? सोमवारी नागपूरले जाऊन राह्यलो. एक नाव?"

भंते उपसेन उत्पलाच्या पाठीकडे बघत होते. ती वाटीतली खीर डब्यात ओतत होती. एका हातानं ओतत होती, आणि दुसऱ्या हाताचं मनगट तिनं तोंडावर दाबून धरलं होतं.

"जे सगळ्यात जास्त वर्षं चालन ते घ्या, नगराळे... अन् पोरीच्या हातात बांधा. त्या घरी वर्षं मोजायची तिलेच हाय."